विळीची साक्ष

वैशाख शुद्ध तृतीयेस पितरांच्या नांवानें उदककुंभ दिल्यावांचून व आंब्याचा नैवेद्य दाखविल्यावांचून आमच्या घरीं कोणी आंब्यास तोंड लावीत नाहीं. बाजारांत आंबा फाल्गुनापासून दिसूं लागला, तरी मुलांनीं त्याचा वास घ्यावा आणि वडील मंडळींनीं भाव विचारावा, एवढाच तोंवर त्याचा आमच्याशीं संबंध. यंदाहि अक्षय्य तृतीयेच्या सकाळीं काकूंनीं गवताच्या आढींतून निवडक हापूस काढले, धुतले आणि विळीवर पहिलें फळ चिरलें. बाहेरून पाहावें तर सालीवर डाग नाहीं, सुरकुती नाहीं. वास असा कीं माजघरापासून ओटीपर्यंत दरवळावा. आंत मात्र बाठ्याच्या कडेनें पांढुरका, भुसभुशीत, ओलसर कापसासारखा पट्टा! दुसरें फळ चिरलें, तेंहि तसेंच. डझनभर फळांपैकीं पांचांत साका निघाला. नैवेद्यापुरत्या फोडी मिळाल्या. परंतु काकूंचा जीव खट्टू झाला. “वरून सोनें आणि आंत ही माती! वर्षभर वाट पाहिली ती याचसाठीं?” असें त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशीं पंगतीस रस वाढतांना कोणीच फारसें बोललें नाहीं.

जेवणें झाल्यावर घरांतील पुरुषमंडळींनीं निकाल देऊन टाकला. आमच्या खोताच्या वाडीच्या तोंडाशीं बसणारा आंबेवाला वीस-पंचवीस वर्षांचा नेमाचा. तरीहि यापुढें त्याच्याकडून आंबा घ्यावयाचा नाहीं, असें ठरलें. काकू स्वतः चिरलेल्या फोडी ताटलींत घालून त्याच्याकडे गेल्या. त्यानें फोडी पाहिल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तो म्हणाला, “वैनी, आंब्याच्या पोटांत मी कसा शिरूं? बागवालासुद्धां शिरत नाहीं. तुमची विळीच काय ती पहिली शिरली!”

या उत्तरानें आमचा राग उतरला, आणि त्याच्या जागीं एक प्रश्न येऊन बसला. जो दोष फळाच्या पोटांत आहे, जो डोळ्यांस, नाकास व बोटांस सारखाच फसवितो, तो विळी लागण्यापूर्वीं ओळखतां येतो काय? येत असेल तर कोणीं ओळखावयाचा, आणि कोठें? या महिन्यांत हाच विषय वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हीं योजिलें आहे.

साका हा कांहीं आजचा नव्हे. १९३२ व १९३३ या सालीं मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें युरोपास आंबे पाठवून पाहिले. त्या प्रयोगाचा वृत्तांत चीमा व दाणी या अधिकाऱ्यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केला. हापुसाच्या गरांतील या विकृतीची नोंद त्यांत सांपडते. म्हणजे आज नव्वद वर्षांहून अधिक काळ विद्वान् मंडळी या पांढऱ्या पट्ट्याच्या मागें आहेत. साका झालेल्या भागांत पिठाची साखर होत नाहीं. आंबटपणा तसाच राहतो, रंग भरत नाहीं, आणि गरांत हवेच्या बारीक पोकळ्या पडतात. हापूस जितका गुणी, तितकाच या दोषास बळी पडणारा. शेंकडा तीसपर्यंत फळें या विकृतीनें वायां गेल्याचें शास्त्रीय निबंधांतून नमूद आहे.

रोग हा शब्द येथें आम्हीं केवळ सोईसाठीं वापरला. साक्याच्या मुळाशीं जंतु नाहीं, बुरशी नाहीं, कीडहि नाहीं. एका फळापासून तो शेजारच्या फळास लागत नाहीं. मग तो येतो कोठून? कोणी म्हणाले, उन्हानें तापलेल्या जमिनीची धग फळांस लागते, म्हणून. कोणी म्हणाले, गरांत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो, म्हणून. या दोन्ही मतांस प्रयोगांचा आधार आहे. परंतु बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं या शतकाच्या आरंभीं जें मत मांडलें, तें आम्हांस विशेष विचार करण्याजोगें वाटतें. आंब्याचें बीं कांहीं धान्यांच्या बियांप्रमाणें महिनोन्महिने निजून राहणारें नव्हे. फळ झाडावर असतांनाच बाठ्यांतील बियांस रुजण्याची घाई होते, आणि ही रुजण्याची तयारी सुरू झाली म्हणजे बाठ्यालगतच्या गराची घडी विस्कटते. आपण ज्यास फळाचा नास म्हणतों, तो बियांच्या दृष्टीनें नव्या झाडाचा आरंभ असतो! आपण आंबा आपल्यासाठीं पिकतो असें समजतों. बाठ्याची समजूत निराळी असते.

फळांतील सर्वच गुप्त दोष असे बिनशत्रूचे मात्र नसतात. करप्याचें उदाहरण घ्या. मोहराच्या व कैरीच्या दिवसांत अवेळीं पाऊस झाला किंवा दंव पडलें, कीं करप्याची बुरशी कोंवळ्या फळाच्या सालींत शिरते आणि तेथें निपचित पडून राहते. हिरव्या फळावर तिची खूण दिसत नाहीं. फळ आढींत पिकूं लागलें म्हणजे ती जागी होते, व दोन दिवसांत सालीवर काळे डाग पसरतात. गृहिणी म्हणते, आढी बिघडली. वस्तुतः चोर दोन महिन्यांपूर्वींच घरांत येऊन लपलेला असतो. तिसरा प्रकार फळमाशीचा. ही माशी सालीस सुईएवढें छिद्र पाडून आंत अंडीं घालते; छिद्र पाहतां पाहतां बुजतें आणि अळ्या गरांत वाढतात. या लपलेल्या अळीनें देशाची अब्रूहि घालविली आहे. २०१३ सालीं भारतांतून युरोपांत गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर कीड सांपडली. त्यावरून युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यास दार बंद केलें. ऐन हंगामांत ही बंदी आली आणि पुढील वर्षाच्या आरंभीं उठली. ज्या बागाइतदाराचें फळ निर्दोष होतें, त्यासहि तो हंगाम भोंवला.

म्हणजे बिनशत्रूचा दोष, निजलेला शत्रु आणि आंत कोंडलेला शत्रु, असे हे तीन प्रकार झाले. तिहींत समान गोष्ट एकच: बाहेरचें रूप साक्षीस उपयोगीं पडत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, मनुष्याच्या छातींत काय आहे हें जर क्ष-किरणांनीं दिसतें, तर आंब्याच्या पोटांतलें कां दिसूं नये? दिसतें. आपल्याच मुंबईंत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं हापूस आंब्यांवर क्ष-किरण टाकून साका ओळखतां येतो, असें १९९३ सालीं दाखवून दिलें. निरोगी गर सलग व सारखा असतो. साक्यांत हवेच्या पोकळ्या असल्यामुळें त्या जागेची छाया निराळी उमटते. दुसरी युक्ति प्रकाशाची. तांबड्या रंगापलीकडचा, आपल्या डोळ्यांस न दिसणारा प्रकाश फळावर सोडला असतां तो सालींतून आंत शिरतो. गरांतील पाणी, साखर व पीठ हीं त्यांतील ठराविक लहरी शोषून घेतात, आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशावरून आंतील घडणीचा अदमास करितां येतो. या रीतीची अडचण इतकीच कीं, साका सालीजवळ नसून बाठ्याजवळ असतो. तेथवर जाऊन परत येणारा प्रकाश फार क्षीण होतो.

आम्हीं हें सर्व घरीं वाचून दाखविलें, तेव्हां काकूंनीं एकच प्रश्न विचारला: “ठीक आहे, यंत्रानें सांगितलें कीं पांच आंबे वाईट. पण ते पांच आंबे मग कोणाचे?”

हा प्रश्न साधा दिसला तरी मर्माचा आहे. यंत्रानें पेटींतील नासकें फळ वेगळें काढलें तर आमचा नैवेद्य साधेल. परंतु तीं पांच फळें बागाइतदाराच्या पदरीं परत जातील. झाडाची राखण, फवारणी, मोहराची काळजी, काढणीची मजुरी, हें सर्व त्या पांच फळांवरहि तितकेंच झालेलें असतें. फळ तोडल्यावर केलेली पारख तोटा नाहींसा करीत नाहीं. तो कोणाच्या माथीं मारावयाचा, एवढेंच ठरविते. खरी वेळेवरची पारख झाडावरच व्हावयास पाहिजे. आणि तिला नेहमीं यंत्रच लागतें असें नाहीं.

कोंकणांत फळाची तयारी आण्यांत मोजण्याची जुनी रीत आहे. सोळा आणे म्हणजे पुरतें तयार, झाडावर पाडास आलेलें फळ. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ हापूस चौदा आणे तयार असतां काढावा असें सांगतें. अधिक गोडीच्या आशेनें फळ झाडावर जितकें जास्त राहील, तितकी बाठ्यास रुजण्याची सवड अधिक, व साक्याचें भयहि अधिक. झाडाखालीं गवत व पालापाचोळा पसरून ठेवला, कीं जमिनीची धग कमी होते. देठासह फळ अलगद उतरविण्यासाठीं याच विद्यापीठानें ‘नूतन झेला’ तयार केला. देठ राहिला म्हणजे चीक सालीवर सांडत नाहीं व देठाकडून कुजण्यास आरंभ होत नाहीं. फळमाशीसाठीं ‘रक्षक सापळा’ आहे. त्यांतील गंधास भुलून नर माशा आंत अडकतात, आणि सापळ्यांतील माशांची संख्या पाहून बागेंत कीड किती वाढली आहे हें फळ पोंखरलें जाण्यापूर्वींच कळतें. बंगळूरच्या संस्थेनें बियांची रुजण्याची घाई थोपवून धरणारें ‘अर्का साका निवारक’ नांवाचें मिश्रणहि काढलें आहे. आणखी एक वाट नव्या वाणांची. नीलम व हापूस यांच्या संकरानें दापोलीच्या विद्यापीठानें १९८१ सालीं ‘रत्ना’ ही जात दिली. तींत साका होत नाहीं. पुढें रत्ना व हापूस यांच्यापासून १९९२ सालीं ‘सिंधु’ आली. तिचा बाठा अगदीं पातळ, बीं जवळजवळ नाहींच. ज्याच्या घाईनें घात व्हावयाचा, तेंच तेथें नाहीं! हापुसास सोकावलेल्या आमच्या जिभेनें या दोघींस अजून पुरता न्याय दिलेला नाहीं, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

झाडाजवळच पारख करावी, हा विचार पुरता अमलांत आणावयाचा तर तो हरितगृहांत. आपल्या सुनाबाळी हल्लीं बाजारांतून पिवळी-तांबडी ढोबळी मिरची आणि बिनबियांची काकडी आणतात, ती पुष्कळदां अशाच पारदर्शक कापडाच्या घरांत वाढलेली असते. तेथें ऊन, वारा व पाणी मनुष्याच्या हातीं असतें. म्हणून आपणांस वाटतें, तेथें रोग कसला? वस्तुतः बंद घरांत एका झाडास बाधा झाली, तर चार भिंतींआड ती दसपटीनें पसरते. रात्रीं दमट हवा कोंडली व पानें कांहीं तास ओलीं राहिलीं, कीं बुरशीस आमंत्रणच मिळतें. एकत्र कुटुंबांत एकास गोंवर आला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून हरितगृहवाला डाग पडण्याची वाट पाहत नाहीं. तो हवेचा दमटपणा व उष्णमान दिवसरात्र टिपून ठेवतो. झाडांमध्यें चिकट पिवळे व निळे पुठ्ठे टांगतो. पिवळ्यावर पांढरी माशी व मावा, निळ्यावर फुलकिडे येऊन बसतात, आणि त्यांच्या संख्येवरून पुढील आठवड्याचें भविष्य कळतें. मोठ्या हरितगृहांतून उष्णता टिपणाऱ्या छायायंत्रांचाहि उपयोग होऊं लागला आहे. पान निरोगी असतें तेव्हां तें पाण्याची वाफ सोडून स्वतःस थंड ठेवितें. आंत बाधा झाली कीं हा क्रम बिघडतो, आणि डोळ्यांस डाग दिसण्यापूर्वींच त्या जागेचें उष्णमान बदलतें. आई मुलाच्या कपाळास हात लावून ताप ओळखते, त्यांतलाच हा प्रकार. २०१४ व २०१५ या सालीं इस्राएल व जॉर्डन या देशांत जाळीच्या व काचेच्या घरांतील टोमॅटोवर एक नवा विषाणु आढळला. तो फळावर तपकिरी, खरबरीत डाग पाडतो आणि मजुरांचे हात, कपडे व कात्र्या यांवरून झाडोझाड फिरतो. तेथून तो अनेक देशांत पोंचला. त्यावर औषध नाहीं. बियाणें व पानें वेळींच तपासून घेणें आणि संशय येतांच झाड उपटून टाकणें, हा मुख्य उपाय.

पारखेस उशीर झाला म्हणजे काय होतें, हें आपण महाराष्ट्रांत २०२० सालीं पाहिलें. त्या वर्षीं मे महिन्याच्या सुमारास नगर, पुणें, सातारा या भागांतील टोमॅटो विचित्र पिकूं लागले. एकाच फळावर हिरवे, पिवळे व तांबडे पट्टे, आंत गर कठीण व काळवंडलेला. नमुने बंगळूरच्या त्याच संस्थेंत गेले, आणि तेथें मुख्यतः काकडीवरील केंवडा रोगाचा विषाणु त्यांत सांपडला. परंतु तोंवर ‘तिरंगा’ या नांवानें अफवा घरोघर पोंचली होती. महामारीचे दिवस, विषाणु हा शब्द ऐकतांच लोकांनीं टोमॅटो टाकले. वनस्पतींचा हा विषाणु मनुष्यास बाधत नाहीं, हें सांगणारा आवाज मागाहून आला. ज्यांचें पीक रोगानें गेलें त्यांचें गेलेंच. ज्यांचें चांगलें होतें त्यांचेंहि भयानें गेलें. आमच्या घरींहि त्या आठवड्यांत आमटींत टोमॅटो पडला नव्हता, हें येथें सांगून टाकतों. कारण न समजतां आंबेवाल्यास दोषी ठरविणारे आणि कारण न समजतां टोमॅटो टाकणारे आम्ही एकच.

यावरून आमच्यासारख्या कुटुंबांनीं काय घ्यावें? आपणांजवळ क्ष-किरणांचें यंत्र नाहीं, बागहि नाहीं. गिरगांवांत आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे, फणसवाडी आहे, कांदेवाडीहि आहे. पण त्या नांवांच्या फळभाज्या आतां शेंकडों मैलांवरून येतात. झाड पाहणारा फळ चिरीत नाहीं, आणि फळ चिरणाऱ्यास झाड दिसत नाहीं. साका कोणत्या बागेंत, कोणत्या तोडीस, किती निघाला, हें शेवटीं घरोघरच्या विळ्यांसच ठाऊक. आणि त्या विळ्यांची साक्ष दर वर्षीं सालींबरोबर केराच्या टोपलींत जाते.

त्याच दिवशीं संध्याकाळीं एक लहानशी गोष्ट घडली. गल्लीपलीकडच्या लांकडी कठड्याच्या घरांत आमचें शेजारचें ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब राहतें. त्या घरच्या मावशी सहज आल्या असतां कळलें कीं, त्यांनींहि त्याच आंबेवाल्याकडून पेटी घेतली होती आणि तींत एकाहि फळास साका नव्हता. आंबेवाल्यास विचारतां तो म्हणाला, दोन्ही पेट्या एकाच बागेच्या. मावशींची आधींच्या तोडीची, आमची आठ दिवसांनंतरची. दोन पेट्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु दोनांच्या दोनशें झाल्या, तर बागवाल्यास त्यांतून कांहींतरी वाचतां येईल, एवढें खास.

तेव्हां आमची वाचकांस विनंति इतकीच. आंब्याची पेटी घरीं आली कीं बाग कोणती व तोड कोणत्या दिवसाची, हें आंबेवाल्यास विचारून घ्यावें. हिशेबाच्या वहींत एक पान राखून चिरलेलीं फळें किती, साक्याचीं किती, काळ्या डागांचीं किती, अळीचीं किती, हें मांडावें. हें काम घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे द्यावें, तें तीं आनंदानें करितात. साका विषारी नव्हे. तेवढा भाग काढून उरलेलें फळ खुशाल खावें. हंगामाअखेर तें पान आंबेवाल्याच्या हातीं द्यावें, आणि बागेपर्यंत पोंचवावयास सांगावें. सोळा आण्यांचा आंबाच पाहिजे, हा हट्ट आपणच सोडला, तर बागवाला चौदा आण्यांस तोड करावयास धजेल.

आमच्या घरचें पान त्या तृतीयेपासून सुरू झालें आहे. पहिली ओळ काकूंनीं स्वतः लिहिली: “बारांत पांच. पेटी उशिरांच्या तोडीची.” दुसऱ्या दिवशीं त्यांनीं त्याच आंबेवाल्याकडून दुसरी पेटी घेतली. पैसे देतांना मात्र त्यांनीं भावाच्या आधीं तोडीचा दिवस विचारला. तो क्षणभर गोंधळला, हंसला, आणि म्हणाला, “वैनी, हें मला आजवर कोणीं विचारलें नव्हतें. बागेंत विचारून उद्यां सांगतों.”